लाय घराण्याची फुंकर

छाइयुनचा हात मी मोडला, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लाय हुओशंगने सोयीचं तेवढंच सांगितलं. ती माझ्या धाकट्या भावाची बायको. उजवा हात, मनगटाच्या जरा वर, सत्तुराच्या पाठीने. सत्तूर उलटा धरला होता, एवढीच काय ती माझी दया.

आमच्या शाखौ गावात अकराव्या महिन्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की बदकं खारवायला घेतात. तशी सगळेच खारवतात, पण लायांच्या बदकाला डोंगरापलीकडून गिऱ्हाईक यायचं, ते फुंकरीमुळे. बदक कापलं, रक्त मिठाच्या वाडग्यात उतरवलं, उकळत्या पाण्यात बुचकळून मोठी पिसं उपटली, की बाकीचे लोक त्यावर वितळलेली राळ ओततात आणि बारीक लव ओरबाडून काढतात. त्यात कातडं फाटतं. आम्ही मानेला चीर पाडून बोटभर बांबूची नळी कातड्याखाली सारायचो आणि तोंडाने फुंकायचो. बदक टम्म फुगतं, कातडं मांसापासून सुटतं, एकूणएक लव उभी राहते आणि चिमट्याने टिपता येते. मग बदक छातीवर उभं चिरून, दाबून सपाट करून, मीठ चोळून वाऱ्यावर टांगायचं. पंधरा दिवसांनी त्या कातड्यातून पलीकडचा दिवा दिसायचा.

नळी आजोबांची. तीन पिढ्यांच्या ओठांनी काळी पडलेली.

फुंकायला छाती लागते. आईकडे होती. वडिलांकडे नव्हती, आणि मी बाराव्या वर्षापासून सिगारेटी ओढलेला, माझ्या फुंकरीने दिवा विझत नाही असं आईच म्हणायची. आईनंतर ती छाती धाकट्या श्वेईशंगने घेतली. माझ्या जन्मटिपणात अग्नी कमी पडला म्हणून ज्योतिषाने माझं नाव अग्नीवरून ठेवलं, त्याच्या टिपणात पाणी कमी म्हणून त्याचं पाण्यावरून. ज्योतिषाचा हात तुझ्या वेळी जरा सैल सुटला, हेही आईच म्हणायची. श्वेईशंग एका बैठकीत चाळीस बदकं फुगवायचा आणि वर मला चिडवायचा, "दादा, तू नुसत्या माना काप. हवेचं काम माणसांनी करायचं."

मी मानाच कापत होतो. त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

दोन हिवाळ्यांमागे पक्ष्यांचा ताप आला आणि जिल्ह्याने घरी कापायला बंदी घातली. सगळी बदकं सरकारी शिक्क्याच्या कत्तलखान्यात न्यायची. तिथलं यंत्र पिसांबरोबर कातडंही सोलतं. मग अख्खं शाखौ मागच्या दाराने कापू लागलं. आम्ही घरामागच्या बंद पडलेल्या वीटभट्टीत चूल मांडली. प्रत्येक घराचं एक उत्तर ठरलेलं होतं. कुणी टोफू करायचं, कुणी छत्र्या दुरुस्त करायचं. आम्ही बांबूचं काम करायचो. पुढच्या अंगणात चिरलेल्या बांबूंचा ढीग आणि सात टोपल्या होत्या. त्याच सात टोपल्या दोन वर्षं तिथे होत्या. तपासणीला येणाऱ्या साहेबाला खरं काय ते ठाऊक असायचं, तरी तो विचारायचा, आम्ही सांगायचो, तो लिहून घ्यायचा आणि जाताना बगलेत एक बदक घेऊन जायचा. सवय इतकी झाली की खोटं बोलतोय असं वाटेनासं झालं.

त्या वर्षी तळ्याकडच्या व्यापाऱ्याकडून सहाशे बदकं आणली. त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे चिकटलेले आणि विष्ठा हिरवी.

आई म्हणाली, "हुओ, ही परत कर. ही बदकं बरी नाहीत."

"कापल्यावर डोळे कोण बघतंय, आई?"

"मी बघतेय ना."

"मग तू नको खाऊस."

आठवड्यात चारशे कापली. भट्टीत खिडकी नाही. पिसांचा भुगा आणि वाळलेली घाण हवेत इतकी दाटायची की संध्याकाळी नाक शिंकरलं तर राखाडी शेंबूड यायचा. श्वेईशंग त्यात बसून फुंकायचा. फुंकायच्या आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असंच कधी वाटलं नाही.

दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. साधा नाही, अंगावर ओला फडका टाकला तर वाफ निघेल असा. तीन दिवस गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, चौथ्या दिवशी ओठ निळे पडले, तेव्हा जिल्ह्याच्या इस्पितळात नेला.

तिथे डॉक्टर ओउयांग भेटला. तिशीचा, काडीसारखा, नाकावरून घसरणारा चष्मा. त्याने छातीचा फोटो उजेडासमोर धरला. डावं फुफ्फुस पांढरं झालं होतं.

"घरी कोंबड्या, बदकं, कबुतरं काही आहे?"

"नाही."

"बाजारात पक्षी कापता? कुणाकडे हाताळता?"

"आम्ही बांबूचं काम करतो."

छाइयुनने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. बूट होता माझ्या पायात, तिच्या कापडी चपला.

"बांबू चिरताना धूळ उडते?" ओउयांगने विचारलं.

"उडते की. ढीगभर."

त्याने लिहून घेतलं. आमच्याकडच्या साहेबांसारखंच लिहून घेतलं. फरक इतकाच की त्याने ते खरं मानलं. जुन्या बांबूवर बुरशी असते, ती फुफ्फुसात जाऊ शकते, असं म्हणून त्याने नेहमीच्या औषधांबरोबर बुरशीचं औषध सुरू केलं. चार दिवस माझ्या भावाच्या नसांतून माझं खोटं वाहत होतं.

बाहेरच्या जिन्यात छाइयुनने मला अडवलं. "भाऊजी, सांगूया ना. माणूस मरायला टेकलाय हो."

"सांग. मग उद्या पांढऱ्या झग्यातले लोक येतील, भट्टी फोडतील, राहिलेली बदकं पोत्यात भरून जिवंत पुरतील. वर्षभर काय खाशील? बांबू?"

"खाईन बांबू. नवरा तर राहील."

"नवरा औषधाने बरा होईल, तुझ्या जिभेने नाही. तोंड शिवून ठेव. बाहेर शब्द काढलास तर हात मोडीन."

"तुम्हाला मारण्याशिवाय दुसरं काही येतं का?" असं म्हणून ती आत गेली. मी भिंतीला लाथ घातली. पण दुसरं काही आठवलं नाही, हेही खरं.

श्वेईशंगला ताप भरला त्या दिवशी घरी दोनशे बदकं उभी होती आणि मालाचा वायदा सणाआधीचा होता. फुंकायला कुणी नाही. राळ ओतून काढली असती तर चाललं असतं, गिऱ्हाईक फार तर कुरकुरलं असतं. पण लायांचं बदक फाटक्या कातड्याचं गेलं असं मला ऐकायचं नव्हतं. मी नळी धुतली आणि आईच्या हातात दिली. ती अडुसष्ट वर्षांची होती.

"मी?" ती हसली. "अरे, दात गेले माझे. हवा बाजूने जाईल."

"तुझी हवा नाही जायची."

खूश झाली बिचारी. पंधरा वर्षांनी कुणी तिला फुंकायला सांगितलं होतं. रोज पंधरा बदकं फुगवायची आणि दर बदकानंतर छाती धरून बसायची. म्हणायची, "श्वेई आला की त्याला सांग, म्हातारी अजून हरलेली नाही." सातव्या दिवशी तिला खोकला सुरू झाला. मी म्हटलं, धूर लागला असेल.

तिकडे तापाच्या सहाव्या दिवशी श्वेईशंगच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर टाकलं होतं. ओउयांगने मला काचेबाहेर बोलावलं. डोळ्यांखाली काळं झालेलं त्याच्या.

"मी आंधळ्यासारखी औषधं देतोय," तो म्हणाला. "रक्तात काही वाढत नाही, थुंकीत काही दिसत नाही. एक तपासणी आहे. फुफ्फुसात मिठाचं पाणी सोडून परत ओढून घ्यायचं. त्या पाण्यात जे जे काही असेल, तुमच्या भावाचं, जंतूंचं, बुरशीचं, जिवंत असो नाहीतर मेलेलं, त्या प्रत्येकाची जनुकं यंत्र वाचून काढतं. प्रत्येकाची खूण वेगळी असते. आपण काही विचारायचं नाही, ते आपणहून सांगतं आत कोण आहे."

"किती वेळ?"

"प्रांताच्या शहरात पाठवावं लागतं. दोन दिवस."

मी सही केली. तपासणी सरकारी विम्यात बसत नव्हती, तरी केली. भावासाठी मी काहीही केलं असतं, एक खरं बोलणं सोडून.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, भट्टीत माझा फोन वाजला. एका हातात बदक, त्याची मान अर्धी कापलेली.

"लाय हुओशंग? ओउयांग बोलतोय. तुमच्याकडे बदकं आहेत."

विचारत नव्हता. सांगत होता.

"कोण म्हणतं?"

"तपासणीचा कागद म्हणतो. पोपटताप आहे भावाला. नावावर जाऊ नका, तो बदकांपासूनही होतो. औषध बदललंय मी. आता नीट ऐका, घरात आणखी कुणाला ताप, खोकला..."

मी फोन बंद केला. माझ्या कानात तीनच शब्द शिरले होते. तुमच्याकडे बदकं आहेत. कागद म्हणतो! कागदाला तोंड असतं का? तोंड कुणाला आहे ते मला ठाऊक होतं, आणि ती दुपारच्या बसने नवऱ्याचे कपडे न्यायला घरी येणार होती.

ती अंगणात शिरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. चार दिवसांत पहिल्यांदा. "भाऊजी, कळलं काय झालंय ते! औषध मिळालं..."

मी तिचे केस धरले. बांबूच्या ढिगावरून ओढत भट्टीत नेलं. एक बांबूची चीप तिच्या गालात घुसली. ती ओरडत होती, "मी नाही सांगितलं! आईची शपथ, मी नाही सांगितलं!" मला त्याचाच जास्त संताप आला. केलंस तर केलंस, वर खोटं कशाला? मी तिचा उजवा हात बदकं कापायच्या ओंडक्यावर दाबला. सत्तूर उचलला. आई दारातून खोकत खोकत किंचाळली, "हुओ, तुला माझी आण!" तेव्हा मी हातातला सत्तूर फिरवला आणि पाठीकडून घातला.

हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. तो आला. छाइयुन ओरडली नाही. तोंड उघडं ठेवून हाताकडे बघत राहिली, आणि मग उठून, तो हात दुसऱ्या हातात धरून, बाहेर रस्त्यावर चालत गेली. कपड्यांची पिशवी अंगणात तशीच पडली.

आता साहेब लोक येणार हे उघड होतं. येतील, आईला खोकताना बघतील, मग घरच बंद करतील, असा माझा हिशेब. मी आईला तीनचाकीत बसवलं आणि डोंगरावर मामाच्या पाड्यावर नेलं. मामाशी आमचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. तो बहिरा, पाड्यावर फोनला रेंज नाही, आणि छाइयुनला तर असा मामा जिवंत आहे हेही माहीत नव्हतं. तिथे कुणी शोधायला येणार नाही म्हणूनच तो पाडा निवडला.

रजई लपेटताना आई म्हणाली, "तिला का मारलंस रे? ती तसली नाही."

"ते राहू दे. कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"काय?"

"आम्ही बांबूचं काम करतो. म्हण."

"आम्ही बांबूचं काम करतो."

"बदकं?"

"कसली बदकं? आम्ही बांबूचं काम करतो." ती हसली आणि खोकली. मी तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं, तेव्हा निघालो.

परत आलो तेव्हा ऐंशी बदकं उरली होती. ती साहेबांच्या पोत्यात द्यायची नाहीत असं मी ठरवलं. कापायलाही सुरी घेतली नाही. पकडायचं, पिळायचं, फेकायचं. ऐंशी बदकांचा गलका भट्टीत कसा घुमतो ते कुणाला सांगून कळणार नाही. काही अर्धमेली पंख आपटत चुलीखाली गेली, पिसं पेटली. माझे हात कोपरापर्यंत ओरखडलेले. मी रडत होतो, पण ते भावासाठी की बदकांसाठी हे मला तेव्हाही कळलं नाही.

अशात ओउयांग आला. एकटा. त्याच्या हातात एक कागद आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या.

"तुमची आई कुठंय?" आल्या आल्या त्याने विचारलं. "तुमच्या वहिनी... भावजय इस्पितळात आल्यात. हात मोडलाय त्यांचा. त्यांनी सांगितलं, आई सात-आठ दिवस नळी फुंकतायत आणि खोकतायत. आरोग्य खात्याचे लोक संध्याकाळी येतील, पण मी थांबलो नाही. ह्या गोळ्या आजच सुरू करायला हव्यात. तुम्हीसुद्धा घ्या."

म्हणजे आता तिने खरंच सांगितलं होतं. हात मोडल्यावर. आधी शिक्षा, मग गुन्हा. पण मला तेव्हा एवढंच ऐकू आलं की तिने सांगितलं.

"सांगितलं ना तिने? मग कागदाचं नाव कशाला घेतोस?"

"अहो, सकाळी त्या बोलल्याच नव्हत्या! हा बघा कागद..."

मी त्याच्या तोंडावर हातातलं मेलेलं बदक फेकून मारलं. चष्मा उडाला. तो चाचपडत खाली वाकला आणि मी बदकं दाबायची फळी त्याच्या पाठीत घातली. तो चिखलात पडला; तिथे रक्त, पाणी, पिसं सगळं एक झालं होतं. तरी गोळ्यांचा हात वर धरून म्हणत होता, "आईला द्या. आधी आईला द्या, मग मला मारा." मी त्या पट्ट्या हिसकल्या आणि उकळत्या कढईत टाकल्या. पिवळा रंग सुटला पाण्याला. तो उठून कढईकडे झेपावला, वेडा माणूस, हात घालणार होता बहुतेक. मी सत्तूर चालवला. या वेळी पाठीने नाही.

त्याच्या डाव्या कानाचा खालचा अर्धा भाग गेला. शेजारी भिंतीपलीकडून सगळं बघत होते. रक्त दिसल्यावर चौघं धावून आले आणि त्यांनी मला मेलेल्या बदकांच्या ढिगावर पालथा पाडून बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या कोठडीसमोर ओउयांग उभा. डोक्याला पट्टी, चष्म्याची एक काच तडकलेली. बरोबर फौजदार. मला वाटलं, तक्रार लिहायला आलाय.

"तुमची आई घरात नाही," तो म्हणाला. "कुठे ठेवलंय?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"भाऊ सुधारतोय. एका रात्रीत ताप दोन अंशांनी उतरला. तेच औषध आईलाही लागू पडेल, पण वेळेत मिळालं पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला चार-पाच दिवसही मिळत नाहीत. कुठे आहेत त्या?"

"हुओशंग, बोल ना बाबा," फौजदार म्हणाला. दोन वर्षं आमची बदकं बगलेत घालून नेणारा तोच. "तुझी आई आहे ती."

ओउयांगने कागद गजांतून आत सरकवला. "हे बघा. पाण्यात जनुकांचे लाखो तुकडे होते. त्यातले दोनशे अकरा या जंतूचे. माणसामाणसांत हा फारसा फिरत नाही, पक्ष्यांतूनच येतो. म्हणून मला कळलं. मला कुणीही सांगितलेलं नाही."

मी कागद घेतला. बारीक अक्षरं होती. मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, वाच. पण वाचून ते खरं निघालं असतं तर मग छाइयुनच्या हाताचं काय करायचं होतं मी? माणूस चूक केल्याने इतका वेडा होत नाही, जितका ती उघडी पडायला लागल्यावर होतो. मी कागदाचा बोळा करून त्यावर थुंकलो.

"आई मेली माझी," मी म्हटलं. "दहा वर्षं झाली. जा, थडगं उकर."

फौजदाराने हात आत घालून माझं डोकं गजांवर आपटलं. आमच्याकडे जित्या आईला कुणी मेली म्हणत नाही, रागातसुद्धा नाही. ओउयांगने घसरलेला चष्मा वर सारला आणि तो निघून गेला.

सातव्या दिवशी मला जिल्ह्याच्या तुरुंगात भेटीच्या खोलीत नेलं. दहा मिनिटं, फौजदाराच्या शब्दावर. समोर श्वेईशंग. गालफडं बसलेली, आवाज घोगरा. घशातली नळी काढून तीनच दिवस झाले होते. दंडावर शोकाचं पांढरं कापड.

मी ते कापड बघितलं आणि मला सगळं कळलं. तरी विचारलं, "छाइयुन?"

"छाइयुनच्या हातात दोन खिळे घातलेत. चिमटा धरता येईल की नाही माहीत नाही." तो दम खाऊन बोलत होता. "नळी निघाल्यावर मी पहिलं आईचं विचारलं. तू पाड्यावर नेलं असशील हे एकट्या मलाच सुचलं असतं, आणि मला तर तोंडात नळी घालून झोपवलेलं. इस्पितळाची गाडी घेऊन गेलो. उठू देत नव्हते, पण गेलो. ओउयांग डॉक्टर बरोबर आले. गाडीत त्यांनीच तिचं डोकं धरलं होतं."

"त्यांनी?"

"हो. त्यांचा कान कुणी कापलाय हे तिला माहीत नव्हतं. विचारत होती, पोरा, काय लागलं रे तुला?"

मी गजांना धरलं. त्या खोलीत गजही नव्हते, टेबल होतं. टेबलाची कड धरली.

"पाड्यावर काहीच औषध दिलं नाही का तिला?"

"दिलं ना. तिथला वैदू रोज यायचा. त्याने रोज विचारलं, आजी, घरी पक्षी आहेत का? त्याच्याकडे त्या पिवळ्या गोळ्या होत्या, दादा. डब्यात होत्या. पाड्यावर डुकरांनासुद्धा देतात त्या."

"मग?"

श्वेईशंगने खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. धुतलेली नव्हती. तिच्या टोकाला एक पांढरी लव चिकटलेली होती.

"गाडीत डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त किती दिवस फुंकलंस एवढंच हवं होतं. मीही म्हटलं, आई, सांग, घाबरू नकोस, मी श्वेई आहे, सगळं कळलंय सगळ्यांना. तिला श्वास पुरत नव्हता. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मग म्हणाली, हुओला विचारा." त्याने दोनदा श्वास घेतला. "आणि लगेच घाबरली. काहीतरी चुकून बोलून गेल्यासारखी. माझा हात घट्ट धरून म्हणाली, नाही नाही, आम्ही बांबूचं काम करतो. तेच तीनदा म्हणाली."